मागच्यांना चढू द्या

बाईंचं खरं नाव फक्त पगाराच्या दिवशी ऐकू यायचं. एरवी सगळ्या डेपोत त्या ‘पुढेसरका’ होत्या. उभी हयात शहराच्या बसमध्ये कंडक्टर म्हणून गेली आणि त्यातली निम्मी तरी ‘पुढे सरका, पुढे जागा आहे’ हे ओरडण्यात गेली. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी सवय काही सुटली नव्हती. बँकेत, दवाखान्यात, लिफ्टच्या तोंडाशी, कुठंही चार माणसं दारात घुटमळताना दिसली की बाईंचा हात आपोआप वर जायचा आणि ते दोन शब्द तोंडातून बाहेर पडायचे. माणसंही निमूट पुढे सरकायची, कारण आवाजच तसा होता. चहाची वाट बघत नवरा स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला तर त्यालाही हाच हुकूम मिळायचा.

नवरा कपडे शिवायचा. सगळी गल्ली त्याला मास्तर म्हणायची. डोळे अधू झाले होते, सुईत दोरा ओवायला बायकोला हाक मारावी लागायची, तरी मशीन बंद नव्हतं. आमच्या धंद्यात निवृत्ती नसते, फक्त सुई दिसेनाशी होते, असं तो गिऱ्हाइकांना सांगायचा. घर चालायचं ते बाईंच्या पेन्शनवर. मास्तर त्या पेन्शनला ‘आपला धाकटा’ म्हणायचा. दर महिन्याला न चुकता येतो, उलट बोलत नाही आणि वेगळं घर मागत नाही, असं त्याचं कौतुक चाले. थोरला, म्हणजे खराखुरा मुलगा, दूरच्या बंदरात क्रेन चालवायचा आणि सुट्टी मिळाली की चार दिवस येऊन जायचा. त्याची बायको मात्र इथंच, सासूसासऱ्यांबरोबर राहायची. तीही बसमध्ये कंडक्टर होती.

फरक एवढाच की सासू कायम नोकरीतली होती आणि सून कंत्राटी. दर अकरा महिन्यांनी तिला काही दिवस घरी बसवायचे आणि मग जणू पहिल्यांदाच तोंड बघतोय अशा थाटात पुन्हा कामावर घ्यायचे. एवढ्या वर्षांत तिने तीन ड्रायव्हर निवृत्त होताना पाहिले, पण कागदोपत्री ती आपली नवीन ती नवीनच. तिला पेन्शन नव्हतं. सासूला या गोष्टीची जेवढी चीड होती तेवढी सुनेलाही नव्हती, आणि त्याचं कारण जुनं होतं.

बाईंची आई लोकांकडे धुणीभांडी करायची. हात चालेनासे झाले तेव्हा भावांनी तिला वाटून घेतलं, एक महिना या घरी, एक महिना त्या घरी. महिना संपला की ती आपली पिशवी भरून दुसऱ्या दारात उभी राहायची आणि दार उघडणाऱ्याच्या चेहऱ्याकडे आधी बघायची. एकतीस तारीख असलेल्या महिन्यात तो शेवटचा दिवस कुणाचा यावरून भावजयांची जुंपायची, आणि म्हातारी मधल्या जिन्यात बसून ते ऐकायची. बाईंनी हे डोळ्यांनी पाहिलं होतं. म्हणून बसची नोकरी लागली तेव्हा त्यांनी पगार नंतर विचारला, म्हातारपणाचं काय ते आधी विचारलं. पेन्शन म्हणजे कुणाची मेहेरबानी नव्हे, केलेल्या कामाचा मागे ठेवलेला पगार आहे, हे त्या ऐकणाऱ्यालाही सांगत आणि न ऐकणाऱ्यालाही.

आता थोडं घंटीबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं तिच्यावरच घडलं. त्या शहरातल्या बसमध्ये छताखालून मागून पुढे एक दोरी जायची. एकदा ओढली की गाडी थांबवायची, दोनदा ओढली की सोडायची; या दुसऱ्या घंटीला ‘डबल’ म्हणायचे. स्टिअरिंग ड्रायव्हरचं, दोरी कंडक्टरची, हा तिथला अलिखित कायदा. दुसऱ्याच्या दोरीला हात लावायचा नाही म्हणजे नाही. निवृत्त कंडक्टरसुद्धा प्रवासी म्हणून चढला की हात खिशात घालून बसायचा. एकदा एका सूटबूटवाल्याने घाई करून बाईंची दोरी ओढली. बाईंनी त्याला तिथंच उतरवलं. तो कंपनीच्या संचालकांपैकी एक निघाला, पण तोवर गाडी पुढे गेली होती आणि साहेब पायी चालत होते.

दुसरी गोष्ट अशी की ड्रायव्हरला हात कळतो. ज्याच्याबरोबर बाईंनी सर्वांत जास्त वर्षं काढली तो ड्रायव्हर, ‘हँडब्रेक’, घंटीच्या आवाजावरून बाईंचा चहा झालाय की राहिलाय ते सांगायचा. उतारावर गाडी उभी करून तीनतीनदा हँडब्रेक तपासायचा म्हणून त्याचं ते नाव पडलं. माणूस सरळ, पण जरा भित्रा. तोही आता निवृत्त होता आणि रोज सकाळी डेपोसमोरच्या चहाच्या टपरीवर बाकीच्या म्हाताऱ्यांबरोबर बसायचा.

निवृत्त आणि कंत्राटी असे दोघे मिळून बरेच दिवस भांडत होते. कंत्राटींना कायम करा आणि आम्हाला मिळतं तसं पेन्शन त्यांनाही द्या, एवढीच मागणी. मुख्य कार्यालयाच्या फाटकासमोर म्हातारे खुर्च्या टाकून बसायचे आणि ड्युटी सुटली की तरुण येऊन त्यांच्यामागे उभे राहायचे. म्हाताऱ्यांना हाकलता येत नव्हतं आणि तरुणांना एकटं गाठता येत नव्हतं. साहेबांची पंचाईत झाली होती.

मग एक दिवस मोठे साहेब स्वतः डेपोच्या कँटीनमध्ये आले आणि त्यांनी फक्त निवृत्तांना बोलावलं. चहा होता, बिस्किटं होती, पंखेसुद्धा दुरुस्त करून घेतले होते. तेव्हाच बाईंच्या मनात पाल चुकचुकली. साहेबांचा आवाज मोठा गोड होता.

"तुमच्या पेन्शनला कुणी हात लावणार नाही," ते म्हणाले. "उलट आपण ते थोडं वाढवूच. प्रश्न आहे तो पुढे येणाऱ्यांचा. त्यांनी आपापलं खातं काढावं, बाजारात जे मिळेल ते त्यांचं. तुम्ही फक्त या भांडणातून बाजूला व्हा."

म्हाताऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. यात त्यांना अगदीच दोष देता येत नाही. कुणाच्या गुडघ्याचं ऑपरेशन राहिलं होतं, कुणाच्या घरी परत आलेली मुलगी होती, आणि भीती तर सगळ्यांनाच होती. पण बाईंच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. त्या उठल्या.

"मी काय म्हणते, साहेब. यांना एक माणूस आठवतोय का बघा," त्या सगळ्यांकडे वळून म्हणाल्या. "गाडी भरलेली असते. हा पायरीवर लोंबकळत असतो. 'अहो, सरका की जरा, पुढे एवढी जागा आहे' असं कळवळून सांगत असतो. आपण ओरडतो, लोक सरकतात, हा आत येतो. आणि आत आल्याबरोबर मागे वळून काय म्हणतो?"

 सगळ्या कंडक्टरांना तो माणूस ठाऊक होता. रोज भेटायचा.

"म्हणतो, 'गाडी भरली, मारा डबल.' आपण अशांना किती शिव्या घातल्या असतील. आज तोच माणूस व्हायला सांगतायत आपल्याला. मी नाही होणार."

एकदोघं खाकरली. साहेब हसले आणि म्हणाले की उदाहरण छान आहे, पण बस वेगळी आणि अर्थव्यवस्था वेगळी. निवृत्तांच्या संघटनेच्या अध्यक्षांनी होकार असणाऱ्यांना हात वर करायला सांगितलं. हात वर गेले. हँडब्रेकचासुद्धा गेला. अर्धाच गेला, कोपर टेबलावरच होतं, पण गेला. तो बाईंकडे बघत नव्हता. पुढच्या सोमवारी अध्यक्ष मुख्य कार्यालयात जाऊन निवृत्तांचा होकार कळवणार असं ठरलं. बाईंनी चहा तसाच ठेवला आणि निघून आल्या.

घरी मास्तरने सगळं ऐकून मशीन थांबवलं.

"अगं, आपलं तर राहतंय ना? मग कशाला उगाच विंचवाच्या बिळात बोट घालतेस?"

"आपलं राहतंय. हिचं?" बाईंनी सुनेकडे हात केला. "उद्या हिचे हात थकले की ही कुणाच्या दारात पिशवी घेऊन उभी राहील?"

सून भाजी चिरत होती. ती शांतपणे म्हणाली, "आई, माझं कंत्राट या महिनाअखेरीला संपतंय. तुम्ही बोललात ते डेपोत सगळ्यांना कळलंय. आता मला परत घेतील की नाही तेही माहीत नाही. म्हातारपणाचं नंतर बघू हो. आधी पुढचा महिना आहे."

"हेच तर हवंय त्यांना. पुढच्या महिन्यापलीकडे तू बघूच नयेस."

"असेल. पण तुमचं भांडण माझ्या गाडीत नको. एवढं ऐका माझं."

बाईंना ते लागलं. पण पोरगी चुकीचं बोलत नव्हती. त्यांनी शब्द दिला, तुझ्या गाडीत चढणार नाही.

बाकीच्या गाड्या मोकळ्या होत्या. निवृत्तांना फुकट पास होता. दुसऱ्या दिवसापासून बाई सकाळी डबा घेऊन निघू लागल्या आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरू लागल्या. जागा मिळाली तरी बसायच्या नाहीत. दांड्याला पाठ टेकवून उभ्या राहायच्या, हात मोकळे ठेवून, कंडक्टर राहतात तशा, आणि आजूबाजूच्या माणसांना विचारायच्या, "काय हो, तुम्ही थकल्यावर तुमचं कोण बघणार?" लोक आधी दचकायचे. मग नर्स आपलं सांगायची, शाळेतला शिपाई आपलं, दुकानातली मुलगी म्हणायची की मावशी, आम्ही तर विचारच करत नाही, झोप उडते. बाई मग पायरीवरच्या माणसाची गोष्ट सांगायच्या. माणसं हसायची आणि थोड्या वेळाने हसायची थांबायची.

चार दिवसांत कार्यालयातून फोन आला. पासाचा गैरवापर होत असल्यामुळे तो रद्द करण्यात येत आहे.

"बरं झालं," बाई फोन ठेवून म्हणाल्या. "फुकट्याचं कुणी ऐकत नाही. उद्यापासून तिकीट काढीन."

 मास्तर उठला, मशीनच्या खणातून गिऱ्हाइकांची चिल्लर काढली आणि बायकोपुढे ठेवली. "धाकट्याला हात लावू नकोस," तो म्हणाला. "तिकीट माझ्याकडून." बाईंना भरून आलं, पण त्यांनी ते दाखवलं नाही. चिल्लर फार आहे, बॅग जड होईल, एवढंच म्हणाल्या.

सोमवार उजाडला. बाई सकाळच्याच एका गाडीत होत्या. गोष्ट ऐन रंगात आली होती, आणि गाडी बंद पडली. अशा वेळी मागून येणारी पहिली गाडी थांबवायची आणि सगळ्या प्रवाशांना त्याच तिकिटावर तिच्यात चढवायचं, ही नेहमीची पद्धत. मागून आलेल्या गाडीच्या दारात सून उभी होती.

बाई मागे थांबल्या. पण शेजारच्या नर्सने त्यांच्या दंडाला धरून "चला मावशी" म्हणत वर ओढलं. सुनेने सासूकडे पाहिलं, तिकिटाकडे पाहिलं आणि मान डोलावली. बाई मागच्या बाजूला जाऊन तोंड मिटून उभ्या राहिल्या.

"मावशी, गोष्ट अर्धी राहिली," शिपाई म्हणाला.

"माझा घसा बसलाय," बाई म्हणाल्या.

पुढच्या थांब्यावर चेकर चढला. गेले काही दिवस तो बाईंच्या मागावर होताच. आज सासू आणि सून एकाच गाडीत सापडल्यावर त्याला आयतंच घबाड मिळालं. त्याने तिकीट तपासलं. तिकीट चोख होतं. मग तो सुनेकडे वळला.

"या बाईंना खाली उतरव."

"तिकीट आहे त्यांच्याकडे," सून म्हणाली.

"प्रवाशांना भडकवतात त्या."

"अहो, त्या गप्प आहेत," नर्स म्हणाली. "आम्हीच बोला बोला म्हणतोय."

चेकरने तिच्याकडे लक्ष दिलं नाही. त्याने आवाज खाली आणला. "तुझं कंत्राट महिनाअखेरीला संपतंय ना? बघ बुवा. मला वर कळवावं लागेल."

सुनेचा चेहरा उतरला. तो उतरलेला चेहरा बाईंना बघवला नाही. आई दुसऱ्या दारात उभी राहायची तेव्हा तिचा चेहरा असाच व्हायचा. साहेबांना तोंडावर नाही म्हणणाऱ्या, संचालकाला पायी चालायला लावणाऱ्या पुढेसरका बाई त्या क्षणी वाकल्या. "राहू दे गं," त्या म्हणाल्या. "शब्द मीच मोडला. उतरते मी." आणि गर्दीतून वाट काढत त्या दाराशी आल्या.

गाडी तेव्हा डेपोच्या फाटकासमोर होती. चेकरला आता दम निघेना. त्याने हात वर केला आणि दोरी ओढली.

घंटी एकदाच वाजली. गाडी थांबली. सुनेने त्या दोरीकडे पाहिलं, मग त्या हाताकडे. इतकी वर्षं नवीनच ठरलेल्या त्या मुलीकडे स्वतःचं असं काही असेल तर ती दोरी होती.

"आई, थांबा," ती म्हणाली. "या गाडीतून कोण उतरणार ते मी ठरवते. तिकीट असलेला माणूस मी उतरवत नाही."

"नोकरी घालवशील."

"ती दर अकरा महिन्यांनी जातेच, साहेब."

गाडीत हशा पिकला. चेकर चिडला. ठीक आहे, आता डेपोतच बघतो, असं म्हणत त्याने दोरी दोनदा ओढली. गाडी हलली नाही. त्याने पुन्हा ओढली. ड्रायव्हर पुढून मान वळवून मागे बघत होता. तोही कंत्राटीच, नुकताच लग्न झालेला, एरवी तोंडातून शब्द न काढणारा.

"ही घंटी आमच्या ताईची नाही," तो म्हणाला आणि त्याने इंजिन बंद केलं.

ऐन फाटकासमोर गाडी अडकल्यावर आतल्या गाड्या आत राहिल्या आणि बाहेरच्या बाहेर. प्रत्येक गाडीच्या दारातून एकेक कंडक्टर बघायला उतरला. काय झालं ते या तोंडून त्या तोंडी गेलं: चेकरने दोरी ओढली, हिची दोरी ओढली. पेन्शनचं, अर्थव्यवस्थेचं ज्यांना नीट कळलं नसतं त्यांनाही हे कळलं.

समोरच्या टपरीवर म्हातारे चहा पीत होते. अध्यक्षही होते, होकार कळवायला निघायच्या बेतात, इस्त्रीचा शर्ट घालून. हँडब्रेकने कप खाली ठेवला. रस्ता ओलांडून तो आला, दाराशी थांबला आणि पायरीवर एक पाय ठेवून वर बघू लागला. वर बाई उभ्या होत्या.

"बाई," तो म्हणाला, "त्या दिवशी माझा हात वर गेला. भीतीने गेला. झोप नाही लागली तेव्हापासून. तो हात मी खाली घेतो."

"मला काय सांगतोस?" बाई म्हणाल्या. "ज्यांच्याशी बोलायचं त्यांच्याशी बोल."

"तेच म्हणतोय. ही गाडी मुख्य कार्यालयावरून जाते ना? मला तिथं उतरायचंय. यांनाही." त्याच्यामागे टपरी रिकामी होत होती. काठ्या, पिशव्या, मफलर, सगळे रस्ता ओलांडत होते. अध्यक्ष जरा वेळ टपरीवरच थांबले. मग एकटं बसणं त्यांना बरं दिसेना, तेव्हा तेही आले.

पुढचं सगळं सुरळीत झालं असं नाही. तो सौदा त्या दिवशी फिसकटला, कारण होकाराला हात वर करणारेच नकार देऊन आले. पण महिनाअखेरीला सुनेला नेहमीपेक्षा बरेच जास्त दिवस घरी बसवलं, आणि त्या दिवसांत धाकट्याने एकट्याने घर ओढलं. चेकरने त्या ड्रायव्हरचीही तक्रार केली. भांडण अजून चालूच आहे आणि मुख्य कार्यालयासमोरच्या खुर्च्याही अजून तिथंच आहेत. आता म्हातारे मागे बसतात आणि तरुण पुढे.

पण त्या सकाळचं सांगायचं तर गाडीत पाय ठेवायला जागा नव्हती. चेकर केव्हा उतरला ते कुणाच्या लक्षातही आलं नाही. हँडब्रेक कसाबसा आत शिरला आणि सवयीने दाराशीच दांडा धरून उभा राहिला. बाईही दाराशीच होत्या, उतरायला म्हणून आलेल्या. दोघांमुळे बाकीचे खाली खोळंबले. बाईंचा हात वर जायला लागला, पण गाडी आपली नाही हे आठवून त्यांनी तो आवरला.

मग मागून आवाज आला. भाजी चिरताना शांतपणे बोलणाऱ्या त्या मुलीचा हा आवाज बाईंनी कधी ऐकला नव्हता.

"ओ आई, दारात काय थांबलाय? पुढे सरका, पुढे जागा आहे. मागच्यांना चढू द्या."

बाई निमूट पुढे सरकल्या. अगदी पुढे, ड्रायव्हरच्या पाठीपर्यंत. शेवटची काठी आत आली, आणि डबल वाजली. ड्रायव्हरने हात ओळखला आणि गाडी सोडली.